माएबूरचं आरमारी म्युझियम: आधी समुद्र बघा, मग घर

आमच्या हॉटेलच्या टूर डेस्कवरच्या मुलानं सरळ सांगितलं होतं, मॅडम माएबूरमध्ये काही नाहीये, त्यापेक्षा कॅटमरान घ्या, म्हणजे शिडाच्या बोटीची सफर, लंच इन्क्लुडेड आहे. कॅटमरान आम्ही घेतलीच, पण माएबूरलाही गेलो, आणि एकदा नाही दोनदा, कारण पहिल्यांदा आम्ही ते सगळं उलटं बघितलं. टॅक्सीतून थेट गेटवर उतरलो, आत शिरलो, बाटल्या, तोफा, नकाशे, डोडो या नामशेष पक्ष्याची हाडं करत करत पंचवीस मिनिटांत बाहेर. मुलगा म्हणाला, संपलं? आणि माझे बाबा, ज्यांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून झाली, ते म्हणाले अगं पण लढाई झाली कुठे तेच कळलं नाही. बाबांचं बरोबर होतं. तर मॉरिशसचं बुकिंग झालेल्यांसाठी हे लिहितेय, म्हणजे तुमची पहिली खेप वाया जायला नको.

आधी हे घर काय आहे ते

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं जुनं बंदराचं गाव आहे. मॅपवर माहेबर्ग असं दिसेल, लोक माएबूर म्हणतात. नाव पडलं ते फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याच्यावरून, हा १७३५ मध्ये बेटावर आला, आजची राजधानी पोर्ट लुई उभी केली, आणि १७४६ मध्ये इथूनच आरमार घेऊन जाऊन इंग्रजांकडून मद्रास घेतलं, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलाच माणूस. गावाबाहेर झाडीत अठराव्या शतकातला एक दुमजली फ्रेंच वाडा आहे, रोबियार घराण्याचा. १९५० मध्ये तो सरकारनं घेतला आणि तिथे म्युझियम केलं. पूर्वी त्याला नेव्हल म्युझियम म्हणायचे, आता नॅशनल हिस्टरी म्युझियम असं नाव आहे, पण जीव अजून समुद्रातच अडकलाय त्याचा.

आणि खरी गंमत अशी की इथे सगळ्यात मोठी बघायची वस्तू म्हणजे हा वाडाच आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या ग्राँ पोर नावाच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली, त्यात फ्रेंचांचा सेनापती द्यूपेरे आणि इंग्रजांचा एक कप्तान विलोबी असे दोघे जखमी झाले, आणि दोघांनाही उपचारासाठी याच घरात आणलं. एकाच छपराखाली. हे डोक्यात ठेवून आत गेलात तर जुन्या लाकडी जमिनीकडे सुद्धा वेगळ्या नजरेनं बघाल.

दिवस कुठला निवडायचा

बहुतेक लोक एक चूक करतात, विमान सकाळी उतरतं, हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला, आणि हे तासा-दीड तासाचा प्रवास करून उत्तरेला जाऊन लॉबीत बॅगांवर बसून राहतात. विमानतळ माएबूरच्या अगदी शेजारी आहे, गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. हॉटेलचा ट्रान्सफर आधीच ठरवला असेल तर ड्रायव्हरला मेसेज करून सांगा की वाटेत तीन-चार तास माएबूरला थांबायचंय, वेटिंगचे किती ते आधीच ठरवा (आधीच, नंतर नाही, आम्हाला नंतरचा अनुभव आहे). सामान गाडीत राहतं, तुम्ही मोकळे. परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटच्या दिवशीही हेच जमतं.

दुसरा पर्याय सोमवार. माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो, कपडे, भाजी, मसाले, सगळं, आपल्या आठवडी बाजारासारखाच. फक्त म्युझियमची त्या दिवसाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आधी बघून घ्या, मॉरिशस म्युझियम्स कौन्सिल ही संस्था ते चालवते, त्यांच्याकडे फोन करून विचारलं तर दोन मिनिटांत कळतं. गूगलवरच्या वेळांवर विसंबू नका, सरकारी सुट्ट्या तिथे खूप आहेत, दिवाळी, महाशिवरात्र, ईद, चिनी नवं वर्ष, आणि हो, गणेश चतुर्थीची सुद्धा सार्वजनिक सुट्टी असते. आम्हाला तिकीट पडलं नाही, तरी थोडे मॉरिशियन रुपये रोख जवळ ठेवाच, बसला आणि खायला लागतातच.

वेळ सकाळचीच घ्या, नऊ-साडेनऊला गावात. का, ते पुढे येतंय.

पोचायचं कसं

पोर्ट लुईच्या व्हिक्टोरिया टर्मिनलवरून माएबूरच्या बस सुटतात, दीड-दोन तास लागतात, कंडक्टर गाडीतच तिकीट देतो, सुट्टे ठेवा. बस मधल्या पठारावरून ऊसच ऊस दाखवत नेते, खिडकीची जागा मिळाली तर हाही प्रवासाचा भागच समजा. संध्याकाळी बस लवकर आटपतात, त्यामुळे परतीची शेवटची बस कधी हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्यायचं. स्वतः गाडी चालवणार असाल तर सोपं आहे, तिथे डावीकडूनच चालवतात, आपल्यासारखं.

कपड्यांचं एक सांगते. माएबूर वाऱ्याच्या बाजूला आहे. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा, तेव्हा आग्नेयेकडून असा वारा सुटतो की छत्री उलटी होते, आणि दहा मिनिटांची सर येऊन परत ऊन पडतं. छत्रीपेक्षा पातळ जॅकेट बरं. आमच्या आईची छत्री माएबूरच्या बस स्टँडवरच कामाला आली, म्हणजे कामातून गेली.

पहिलं काम: म्युझियमकडे न जाता समुद्राकडे चाला

बस स्टँडवरून किनाऱ्याकडे गेलात की पॉइंट दे रेगात नावाची जागा आहे, मोकळं पटांगण, बाक, आणि १८१० च्या लढाईत मेलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांचं स्मारक. इथे निदान अर्धा तास काढा. सकाळी लवकर पोचलात तर आधी खाऊन घ्या आणि ऊन वर चढल्यावर, दहाच्या पुढे, पाण्याकडे बघायला लागा, कारण ऊन डोक्यावर आलं की पाण्याचे रंग सुटे सुटे दिसतात. पोलराइज्ड गॉगल असेल तर अजूनच छान, पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसायला लागतो.

आता डावीकडे, खाडीपलीकडे, बसलेल्या सिंहासारखा डोंगर दिसेल, तो लायन माउंटन, साधारण ४८० मीटर. उजवीकडे जवळच सपाट हिरवं बेट आहे ते इल ओ एग्रेत. आणि समोर लांब, जिथे पांढऱ्या फेसाची रेघ दिसते ना, ती प्रवाळाची भिंत. त्या भिंतीत एक फट आहे, मोठ्या जहाजांना आत यायची वाट, आणि त्या फटीच्या तोंडावर एक चिमुकलं बेट, इल द ला पास. त्यावर किल्ला होता, अवशेष अजून आहेत. आपण मुरुडला उभं राहून जंजिरा बघतो तसं बघायचं, फक्त हा खूप छोटा आणि खूप लांब.

मग पाण्याचे रंग बघा. गडद निळं म्हणजे खोल, जहाजाची वाट. फिकं हिरवं, पोपटी, तपकिरी डाग म्हणजे खाली प्रवाळ. ही वाट सरळ नाही, वळत वळत येते, आणि अख्खी लढाई याच्यावर ठरली.

झालं असं. ऑगस्टच्या मध्यावर इंग्रजांनी रात्री छापा घालून इल द ला पास घेतलं. २० ऑगस्टला द्यूपेरेची जहाजं सफरीवरून परत आली, बेलोन, मिनर्व्ह, व्हिक्तर, आणि त्यांनी पकडून आणलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं सीलोन. विलोबीनं किल्ल्यावर फ्रेंच झेंडाच फडकवत ठेवला, म्हणजे ते बिनधास्त आत शिरतील. शिरले पण. तोफा सुरू झाल्या, आणि झेंडा बदलायच्या गडबडीत उतरवलेलं निशाण शेकोटीवर पडलं, ठिणगी दारूगोळ्याला लागली आणि किल्ल्यातच स्फोट झाला. हे वाचून बाबा हसायचे थांबेनात, म्हणाले गोदीत असता तर मेमो मिळाला असता.

फ्रेंच जहाजं आत निसटली आणि उथळ खडकांच्या मागे, किनाऱ्याला धरून, चंद्रकोरीसारखी ओळीनं नांगरून बसली. वाट दाखवणाऱ्या खुणा त्यांनी हलवून ठेवल्या. २३ ऑगस्टला संध्याकाळी इंग्रजांच्या चार फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान लढाऊ जहाजं, आत घुसल्या, सिरियस, मॅजिसिएन, नेरेइड आणि इफिजिनिया. सिरियस खडकावर चढलं. मॅजिसिएन खडकावर चढलं, आणि असं तिरकं अडकलं की मोजक्याच तोफा शत्रूकडे तोंड करून राहिल्या. नेरेइड एकटं फ्रेंचांसमोर पोचलं आणि सगळा मार त्यानं खाल्ला, त्यावरचे बहुतेक लोक मेले नाहीतर जखमी झाले. त्याचा कप्तान विलोबी, त्याचा एक डोळा गेला. द्यूपेरेच्या तोंडावर छर्रा बसून तो कोसळला, मग बूव्हे नावाच्या कप्तानानं सूत्रं घेतली. अडकलेली दोन्ही जहाजं इंग्रजांनी स्वतःच पेटवून दिली, आणि उरलेलं इफिजिनिया दोन-चार दिवसांनी शरण आलं. पॅरिसच्या आर्क द त्रियोंफवर नेपोलियनच्या काळातल्या विजयांची नावं कोरली आहेत, त्यात समुद्रावरचा विजय एवढा एकच, ग्राँ पोर.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. विजयदुर्गला वाघोटण खाडीत मराठ्यांची उथळ पाण्यात चालणारी गलबतं आत जायची आणि मोठी जहाजं बाहेर थांबायची, तोच हिशोब. ज्याला पाणी पाठ आहे तो घरच्या मैदानावर खेळतो.

अजून एक गोष्ट इथे उभं राहिल्यावरच कळते, ती वाऱ्याची. वारा सतत समुद्राकडून तुमच्या तोंडावर येत असतो. शिडाच्या जहाजाला आत यायला सोपं, बाहेर पडायला महाकठीण. डच लोक १५९८ मध्ये पहिल्यांदा इथेच उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिट्सचं नाव बेटाला देऊन गेले, पण नंतर फ्रेंचांनी राजधानी पलीकडे वाऱ्याच्या आडोशाला, पोर्ट लुईला नेली ती याच कारणानं. हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं. टोपी उडून गेली तेव्हा समजलं.

मधे खाणं

दाल पुरी. सोडू नका. चण्याच्या डाळीचं पिवळं पीठ आत भरलेली मऊ, पातळ पुरी, म्हणजे खरं तर आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण, तळलेली नसते, तव्यावरची असते. एक मागितली तरी दोनच देतात, जोडीनंच विकायची पद्धत आहे. त्यावर मोठ्या वालांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय, हिरवी चटणी, आणि मिरचीचं विचारतात, "पिमाँ?" तुम्ही मराठी माणसाच्या रुबाबात होय म्हणणार, आणि मग अलुदा शोधत फिरणार. अलुदा म्हणजे फालुदा. कागदात गुंडाळून हातात देतात, खालून रस्सा गळतो, तर पुढे वाकून खायचं. आम्ही ज्या बाईकडून घेतली तिनं इंडियात कुठून विचारलं, मुंबई म्हटल्यावर म्हणाली माझ्या सासूकडचे मराठी. त्या सासूबाई मागेच स्टुलावर बसल्या होत्या. "जेवलात का?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि आईला एक पुरी जास्त मिळाली.

आता म्युझियम

गावातून विमानतळाच्या दिशेनं मुख्य रस्त्यानं चालत पंधरा-वीस मिनिटं, ला शो नदीच्या काठी. ऊन असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सी करा. वरच्या मजल्याला जिना आहे, बरोबर म्हातारी माणसं असतील तर आधी खालचं सगळं शांतपणे बघू द्या. पाट्या इंग्रजी-फ्रेंचमध्ये आहेत, फोटोचं तिथल्या माणसाला विचारूनच मोबाईल काढा.

आत गेल्यावर सगळीकडे भटकू नका, आधी नकाशे गाठा. जुन्या नकाशात ग्राँ पोरची खाडी शोधा, मघाशी पाहिलेली फट, ते चिमुकलं बेट. मुलाला आम्ही दुसऱ्या खेपेला हेच काम दिलं, शोध म्हटलं, आणि जो पोरगा संपलं का विचारत होता तो नकाशापुढून हलेना.

मग लढाईच्या वस्तू. मॅजिसिएन, खडकावर अडकून जळालेलं ते, त्याच्या अवशेषांतून वर काढलेल्या तोफा, छर्रे, आणि दारूच्या बाटल्या. पहिल्यांदा आम्ही बाटल्यांपुढून सरळ निघून गेलो होतो. दुसऱ्यांदा माहीत होतं की हे जहाज कुठल्या पाण्यात तिरकं होऊन बसलं होतं आणि त्याच्याच लोकांनी ते पेटवलं, आणि त्यातून या काचेच्या बाटल्या वाचल्या. छर्ऱ्यांपुढे जरा थांबा. एवढ्याएवढ्या लोखंडी गोळ्या, पुडकं करून तोफेत भरायच्या. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचं काय होत असेल ते कळतं, आणि असे दोन चेहरे याच घरात पट्ट्या बांधून पडले होते.

नंतर घंटा. हे माझं सगळ्यात आवडतं. साँ जेराँ नावाचं फ्रेंच कंपनीचं जहाज ऑगस्ट १७४४ मध्ये, बेटाच्या ईशान्येला इल दाँब्रजवळ रात्री प्रवाळावर आपटून फुटलं. बेटावरच्या साखर कारखान्यासाठी यंत्रं येत होती त्यातून. जवळपास दोनशे माणसांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. १७८८ मध्ये या अपघातावर बेतलेली 'पोल आणि व्हिर्जिनी' ही फ्रेंच कादंबरी आली आणि सगळीकडे गाजली, मॉरिशसमध्ये ही दोन नावं तुम्हाला हॉटेलांपासून पुतळ्यांपर्यंत दिसतील, ती तिथून आलीत. जहाजाचे अवशेष १९६६ मध्ये सापडले, आणि त्याची घंटा इथे आहे. बाबांनी नातवाला समजावलं की जहाजावर दर अर्ध्या तासानं घंटा वाजवतात, चार तासांची एक पाळी, म्हणजे आठ टोल झाले की पाळी बदलली. मुलगा म्हणाला, म्हणजे शाळेची घंटा. बाबा म्हणाले तशीच, फक्त ही सुटीची नसते.

डोडोची हाडं काचेत आहेत, ती सगळे बघतातच. एक माहिती घेऊन बघा. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या माएबूरमधल्याच शाळामास्तरानं मार ओ सोंज या दलदलीतून डोडोची हाडं मोठ्या संख्येनं बाहेर काढली, जगभरच्या म्युझियममध्ये पसरली ती बरीचशी तिथली. ही दलदल आजच्या विमानतळाला अगदी लागून आहे, म्हणजे तुम्ही उतरलात ते जवळजवळ डोडोच्या स्मशानावर. आणि सोंज म्हणजे काय माहितीये? अळू. अळवाचं तळं.

बाकी जुनं फर्निचर वगैरे आहे, आवड असेल त्यांनी बघावं, मी भरभर केलं. बाहेर बागेत चक्कर मात्र मारा. एकूण दीड तास धरा.

वेळ उरला तर

कॅव्हेंडिश पूल ओलांडून व्हिल न्वार भागात रो घराण्याचा बिस्किटांचा जुना कारखाना आहे, १८७० पासूनचा. बिस्किटं मॅनिऑकची, म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो त्याची. मैदा नाही, त्यामुळे आईनं लगेच विचारलं उपासाला चालतील का. यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

गाडी असेल तर खाडीच्या कडेनं उत्तरेला व्यू ग्राँ पोरला जा, डचांच्या वखारीचे आणि किल्ल्याचे अवशेष आणि छोटं म्युझियम आहे. तिथून खाडी उलट बाजूनं दिसते. इल ओ एग्रेतला जायचं असेल तर मात्र वेगळा अर्धा दिवस काढा आणि आधी बुक करा, २६ हेक्टरचं राखीव बेट आहे, गुलाबी कबुतरं आणि मोठाली कासवं, गाइडबरोबरच सोडतात.

आणि हे घर बघून झालं की त्याच सहलीत पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर उतरायचे तो धक्का, जोडाच, दुसऱ्या दिवशी का होईना. कारण गोष्ट ग्राँ पोरला संपत नाही. हरलेले इंग्रज तीन महिन्यांत मोठी फौज घेऊन परत आले, मद्रास, बंगाल आणि मुंबईकडच्या पलटणी, सेनापती जॉन अॅबरक्रॉम्बी, जो मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. उत्तरेला उतरले, या खाडीच्या वाटेला गेलेच नाहीत, आणि ३ डिसेंबर १८१० ला बेट त्यांचं झालं. मग ऊस वाढला, गुलामगिरी बंद व्हायला आली (१८३५ मध्ये ती संपली), मजूर कमी पडणार, म्हणून १८३४ पासूनच गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, जहाजं सुरू झाली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून. साडेचार लाखांच्या आसपास माणसं. मुंबईहून आलेल्यांत आपली कोकणातली होती. आप्रवासी घाटावर सोळा पायऱ्या आहेत, जहाजातून उतरून त्या चढायच्या आणि नोंद करायची.

बाबा त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, त्या पुरीवालीच्या सासूला विचारायला पाहिजे होतं, कुठल्या गावचे म्हणून.